कैफियतीचा रकाना

दिवाळी उलटली की चुडाव्याकडच्या रस्त्यावर बाभळींना कापूस लागतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. पण ट्रॉल्या शिगोशीग भरून सरकी काढायला जिनिंगकडं जातात, वरून जाळी बांधलेली असली तरी कडेकडेनं कापूस निसटतो आणि रस्त्यावर वाकलेल्या काट्यांना त्याचे झुपके अडकून राहतात. महिना-महिना राहतात. सकाळच्या दवात ते भिजून काळपट होतात, दुपारी वाळून पुन्हा पांढरे होतात. यंदा कितीतरी वर्षांनी मी हा हंगाम पाहिला. गाडी थांबवली, एक झुपका काढायला गेलो, बोटात काटा घुसला, आणि का कोण जाणे, मला आधी सायकलचा पंप आठवला.

मी हौसेनं आलो नव्हतो. सुदामचा फोन आला होता. सुदाम माझा शाळासोबती, आता शाळामास्तर, निवृत्तीला आलेला. फोनवर त्यानं हालहवाल विचारली नाही. "मायच्या जमिनीसाठी तुजा एक कागद लागतोय. मुदत हाय म्हैन्याची. येनार असशील तर ये," एवढंच म्हणाला आणि ठेवला. कसला कागद, हे मी विचारलं नाही. मला ते तीस वर्षांपासून माहीत आहे.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या हिवाळ्यात मी बावीस वर्षांचा होतो आणि आमच्या भागातल्या एका कापूस खरेदी केंद्रावर कंप्युटर चालवत होतो. चालवत होतो म्हणजे काय, त्यातला प्रोग्रॅमही मीच लिहिला होता. केंद्राचे चेअरमन माझे सख्खे मामा. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही. मी नांदेडला सहा महिन्यांचा कोर्स करून आलो होतो आणि भाच्याला कुठंतरी चिकटवायचं होतं, म्हणून यंत्र आलं. त्याच्यासाठी काचेची खोली झाली. बाहेर चपला काढायच्या. आबांनी यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर उडालं तसा मी धावलो. आबा म्हणाले, "देवाला पानी चालतंय, अन् ह्याला चालत न्हाई व्हय?"

आवारातच जिनिंग होतं. हवेत दिवसभर तंतू तरंगायचे, भुवयांवर बसायचे, चहात पडायचे आणि बटणांखाली जाऊन घट्ट व्हायचे. दर दोन तासांनी मी सायकलचा पंप घेऊन कीबोर्डात हवा मारायचो. गाडीवान काचेला नाक लावून बघायचे. एकजण रोज विचारायचा, "काय सायेब, पंचर झालं का?" मला राग यायचा. मी स्वतःला फार मोठा समजत होतो.

त्याआधी माल घेऊन येणाऱ्या गाड्यांना नंबर लावायचं काम मुन्शीजींकडं होतं. मुन्शीजी पूर्णेला राहायचे, पॅसेंजरनं यायचे, येताना डब्यात दोन पोळ्या आणि लाल कापडी पुठ्ठ्याचं एक भलंमोठं रजिस्टर काखेत. वडील निझामाच्या काळात महसुलात कारकून होते, अक्षर त्यांच्याकडून घेतलेलं. रजिस्टरात रकाने ठरलेले: नंबर, नाव, गाव, गट नंबर, माल अंदाजे. आणि सगळ्यात शेवटी, बाकीच्या सगळ्यांपेक्षा रुंद, एक रकाना. आम्ही त्याला शेरा म्हणू, मुन्शीजी म्हणत कैफियत. त्यात काय नसे? 'बैल लंगडा, उद्या येणार.' 'विधवा, दिराशी वाद, पट्टी हिच्याच नावे करणे.' 'हा तो नव्हे, ह्याच नावाचा दुसरा.' पट्टी म्हणजे माल मोजून घेतल्याची पावती, आणि कैफियतीतला मजकूर पट्टीवर जसाच्या तसा उतरायचा.

पाच-सात नावांपुढं गट नंबराच्या जागी आडवी रेघ असायची आणि कैफियतीत तीन शब्द: 'गायरान, खुद काश्त'. गायरान म्हणजे गावाची चराईची जमीन, सरकारी मालकीची. आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतली काही घरं कितीतरी वर्षांपासून तिथं दगड वेचून, खोडं काढून ज्वारी-कापूस करत होती. त्यांच्या नावचा सातबारा नाही, म्हणून गट नंबर नाही. स्वतः कसतात, म्हणून खुद काश्त. मुन्शीजींना एवढं पुरेसं होतं. माल समोर उभा आहे, पिकवणारा समोर उभा आहे, मग लिहायला अडचण काय?

अडचण आबांना होती. त्यांचं रान गायरानाला लागून. आणि त्या सुमाराला सरकारचा निर्णय आलेला होता, की ठरावीक सालाआधीपासून गायरान कसणारा असेल आणि पुरावा असेल तर जमीन त्याच्या नावे करायची. तलाठी गायरानवाल्यांचा पेरा लिहून घेत नसे. मग पुरावा कुठला? मुन्शीजींच्या पट्ट्या. बाकी कुठल्याही कागदावर त्या माणसांचं नाव आणि त्यांचं पीक एका ओळीत आलेलं नव्हतं.

मला हे सगळं तेव्हा माहीत होतं. नंतर कळलं, असं मी अनेकांना सांगितलं आहे. ते खोटं आहे.

आबा चहाचा कप घेऊन काचेच्या खोलीत आले. चपला घालूनच आले. म्हणाले, "दत्ता, गट नंबर टाकला न्हाई तर तुजा कंप्युटर नंबर देतोय का?"

"देतो की. रिकामं सोडलं तरी चालतं."

"चालतं कशाला ठिवायलास?"

"गायरानवाले हायत, आबा. त्यांच्या नावचा गट नंबर न्हाई."

"तेच म्हनलो मी." त्यांनी चहा संपवला. मग कप माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, "मी मुन्श्याला सांगितलं तर गावभर होईल. आबानं अडिवलं म्हनतील. कंप्युटरला कोन काय म्हनतंय?"

एक ओळ लागली. गट नंबर रिकामा असेल तर पुढं जाऊ नकोस, एवढीच. यंत्रानं ती लगेच ऐकली. आणि कैफियतीचा रकाना मी ठेवलाच नाही. मुन्शीजींनी पडद्यावरची हिरवी अक्षरं चष्मा वर-खाली करत नीट वाचली आणि विचारलं, "बेटा, कैफियत का खाना किधर है?"

"जागा नाही मुन्शीजी. फ्लॉपीत मावत नाही."

"इत्ता बडा डब्बा," ते म्हणाले, "और एक खाने को जगह नै?"

जागा होती. हवी तेवढी होती.

माझा प्रोग्रॅम चांगला होता, हे मला सांगायलाच हवं, कारण माझं दुखणं तिथंच आहे. आधी गाड्या तीन-तीन दिवस रस्त्यावर उभ्या असायच्या, बैलांच्या शेणानं रस्ता निसरडा व्हायचा, आणि बडी धेंडं मागून येऊन पुढं घुसायची. माझी यादी प्रिंटरमधून टर्र-टर्र करत निघायची आणि फळ्यावर लागायची. एकदा एका सरपंचाची गाडी चोपन्नाव्या नंबरावर अडकली. तो काचेवर थापा मारत होता आणि मागं उभे असलेले लोक हसत होते. एका म्हाताऱ्यानं माझ्या हातावर शेंगदाण्याची मूठ ठेवली. मला वाटलं, मी न्याय आणला. रांग न्यायानं लावली होतीच. फक्त रांगेत उभं कुणी राहायचं, ते आधीच ठरवून टाकलं होतं.

धुरपतामाय डिसेंबरात आली. धुरपतामाय म्हणजे सुदामची आई. बारावीच्या वर्षी आमच्या घरी पाहुण्यांचा राबता म्हणून मी दुपारभर त्यांच्या छपरात अभ्यासाला बसायचो. मी एक गणित तीनदा चुकलो की ती चुलीपासून म्हणायची, "दत्ताबाबा, डोस्कं तापलं आसंल, पानी पी." सुदाम तेव्हा औरंगाबादला शिकत होता आणि गायरानावरचा कापूस ती एकटीनं वेचून, भाड्याच्या गाडीत घालून घेऊन आली होती. काचेतून मला बघून ती हसली. आपलं माणूस आत बसलंय, असं ते हसणं.

मी नाव टाकलं, गाव टाकलं. गट नंबरावर कर्सर लुकलुकत उभा राहिला. मी पुढचं बटण दाबलं. यंत्र टुंग वाजलं.

"कंप्युटर घेत नाही, माय," मी म्हणालो.

तिनं यंत्राकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मग तू सांग की त्याला. तू बसलायस न्हवं त्याच्याम्होरं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, सरका की म्होरं." संध्याकाळी तिचा कापूस केंद्रात गेला, पण आबांच्या सातबाऱ्यावर, आबांच्या नावच्या पट्टीनं. वाया गेला नाही, पैसे तिला मिळाले, आबांनी चारचौघांदेखत दिले. फक्त त्या वर्षी गायरानात धुरपतामायनं काही पिकवलं होतं, याचा कागद उरला नाही.

कंप्युटर घेत नाही. हे वाक्य मी बहुधा जिल्ह्यात पहिल्यांदा उच्चारलं असेन, आणि त्यानंतर ते मी कुठं ऐकलं नाही? बँकेत, रेशन दुकानात, दवाखान्याच्या खिडकीवर. अंगठे झिजलेल्या बाईला सांगतात, मशीन घेत नाही. पेन्शनवाल्या म्हाताऱ्याला सांगतात, सिस्टिम अलाऊ करत नाही. तोंड असं करतात, जसं काही पाऊस पडला नाही, त्याला आम्ही काय करणार. प्रत्येक 'घेत नाही'च्या मागं कुठल्यातरी काचेच्या खोलीत एक दत्ता बसलेला असतो आणि त्याच्या टेबलावर कुणीतरी चहाचा रिकामा कप ठेवून गेलेलं असतं. माझं डोकं फिरतं ते त्या खिडकीवरच्या कारकुनावर नाही. त्याला कळतच नाही. आम्हाला कळतं.

मी पुढं पुण्याला गेलो. तीस वर्षं हाच धंदा केला. काळा पडदा गेला, रंगीत खिडक्या आल्या, मग सगळं इंटरनेटवर गेलं, मग फोनमध्ये घुसलं, आता म्हणे यंत्र स्वतःच विचार करणार. दर चार-पाच वर्षांनी आम्ही आधीचं सगळं मोडून नवं बांधायचो आणि दरवेळी एक बैठक व्हायची. जुना डेटा नव्यात न्यायचाय, तो आधी 'स्वच्छ' करून घ्या. स्वच्छ! मला त्या शब्दाची शिसारी आहे. घाण कोण असायचं, तर ज्याला आडनाव नाही तो, जिचा पत्ता 'मारुतीच्या देवळामागं' आहे ती, ज्याची जन्मतारीख 'मोठ्या दुष्काळात' आहे तो. ज्यांचं जगणं आमच्या चौकटीत बसत नाही त्यांना कचरा म्हणायचं, गाळायचं, आणि गाळून झाल्यावर केक कापायचा. मी असे कित्येक केक खाल्ले आहेत. बैठकीत कुणी विचारलं की 'एक मोकळा रकाना ठेवायचा का, लोकांना काही सांगायचं असेल तर', की ज्येष्ठ म्हणून मीच सांगायचो, "नको, त्यातून रिपोर्ट निघत नाही." मुन्शीजींच्या त्या रुंद रकान्यातून तर माणूस निघत होता.

मागच्या वर्षी कंपनीनं माझा सत्कार केला. तिथं मी माझ्या पहिल्या प्रोग्रॅमची गोष्ट सांगितली. सायकलचा पंप, नारळाचं पाणी, चोपन्नाव्या नंबरावरचा सरपंच. पोरं-पोरी पोट धरून हसली. एकीनं विचारलं, "सर, त्यातून काय शिकलात?" मी म्हणालो, "गरज ओळखा आणि साधं ठेवा." टाळ्या पडल्या. बेशरमपणाला तेव्हा इतका टापटीप सूट घातलेला होता की मला स्वतःलाच तो ओळखू आला नाही.

तर तो हिवाळा. आबांनी फर्मान काढलं, जुनी रजिस्टरं रद्दीत द्या, आता कंप्युटरात सगळं आहे. मागल्या तीन वर्षांचं त्यात घालायचं काम माझं. मी घातलं. रेघवाली नावं आली की यंत्र टुंग वाजे आणि मी पुढच्या ओळीवर जाई. सुरुवातीला टुंग ऐकू येई, नंतर येईनासा झाला. रद्दीवाला यायच्या दिवशी मुन्शीजींनी ती तीन रजिस्टरं पिशवीत घातली आणि पूर्णेची पॅसेंजर गाठायला निघाले. फाटकाशी थांबून मला हळूच म्हणाले, "मेरे घर में रखतूं. किसी को बोलना नक्को. तेरे को मालूम रहने दे बस. कभी काम आएंगे."

जानेवारीत नामांतराची बातमी आली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, निम्म्या गावानं निळं लावलं आणि निम्म्या गावानं दारं लावून घेतली. आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. त्या आठवड्यात भरदुपारी धुरपतामायचं छप्पर जळालं. कुणी पेटवलं, सगळ्यांना ठाऊक होतं आणि पंचनाम्यात चुलीची ठिणगी लिहिली. छपराच्या आढ्याला पत्र्याची एक पेटी टांगलेली असायची. तिच्यात सुदामची सर्टिफिकेटं होती आणि मुन्शीजींच्या हातच्या पट्ट्या.

ती फेब्रुवारीत पुन्हा केंद्रावर आली. या वेळी हसली नाही. तहसिलात तिला सांगितलं होतं, पट्ट्या जळाल्या असतील तर केंद्राकडून दाखला आणा, मागल्या तीन वर्षांत तुमचा माल आला होता म्हणून. खोलीत आबा बसले होते, वर्तमानपत्र वाचत. मी नाव टाकलं, शोध म्हणालो. प्रिंटर टर्रला. कागदावर एकच ओळ आली. ते वाक्य मीच शब्द निवडून प्रोग्रॅमात लिहून ठेवलं होतं: 'सदर नावाची नोंद आढळत नाही.' मी कागद फाडला, कडेच्या भोकांच्या पट्ट्या नीट सोलून काढल्या, शिक्का मारला आणि तिच्या हातात दिला.

"काय म्हनतंय, बाबा?"

"नाव न्हाई म्हनतंय, माय."

"तीन साल मुन्शीजीच्या हातानं लिहिलंय."

मला एक वाक्य बोलायचं होतं. रजिस्टरं मुन्शीजींच्या घरी आहेत, पूर्णेला जा. एवढंच. आबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. बाहेर तरी गाठून सांगायचं होतं. मी पंप उचलला आणि कीबोर्डात हवा मारत बसलो. ती कागदाची घडी घालून, पदराच्या टोकाला बांधून, गाड्यांच्या रांगेतून निघून गेली. पुरावा द्यायची तिची मुदत त्या मार्चमध्ये संपली. मी त्या उन्हाळ्यात पुण्याला गेलो.

जमीन तिच्या नावावर झाली नाही. तरी ती कसत राहिली, तीस वर्षं, अतिक्रमण म्हणून. आणि आता त्याच गायरानावर उन्हाची वीज करणारे निळ्या काचांचे तक्ते यायचे आहेत. मोजणीवाले खुंट्या ठोकून गेले. जुन्या कसणाऱ्यांनी म्हणणं मांडायला महिन्याची मुदत दिली आहे, तीही ऑनलाइन. सुदामनं अर्ज भरला तेव्हा पडद्यावर तांबड्या अक्षरात आलं, गट क्रमांक आवश्यक. त्यानं मला ते फोनवर दाखवलं. तहसिलातल्या एका भल्या बाईनं त्याला सुचवलं होतं, की त्या वेळच्या केंद्राच्या माणसाचं शपथपत्र असेल तर कागदावर घेता येईल.

धुरपतामाय ओसरीत बसली होती. खूप वाळली आहे, कान मंदावले आहेत, डोळे नाहीत मंदावले. "आलास," म्हणाली. मी पाया पडलो. पाय तिनं मागं घेतले नाहीत, हातही डोक्यावर ठेवला नाही.

मी पुण्याहून मजकूर टाइप करून आणला होता. सुदाम म्हणाला, "मोठ्यानं वाच. तिला ऐकू दे." मी वाचला. मी अमुक, त्या साली केंद्रावर संगणकाचं काम पाहत होतो. श्रीमती धुरपताबाई किसन यांचा कापूस केंद्रावर येत असे, जुन्या रजिस्टरात त्यांची गायरानधारक म्हणून नोंद मी स्वतः पाहिली होती. चेअरमन अमुक यांच्या सांगण्यावरून मी गट नंबराची अट घातली आणि ती नोंद संगणकात घेतली नाही. त्या वर्षीचा त्यांचा माल दुसऱ्याच्या नावे घेतला गेला. आबांचं नाव कागदावर लिहायला मला तीस वर्षं आणि त्यांचं मरण लागलं होतं. वाचून झाल्यावर मला हलकं वाटलं, थोडं शूरही वाटलं. खोटं कशाला बोलू.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं, माय."

"मुन्शीचं लिहिलास का?"

मी सुदामकडं बघितलं. तो अंगणातल्या बोरीकडं बघत होता.

"मुन्शीजी पूर्नेच्या ठेसनात भेटले व्हते. तू गेल्यावर चार-पाच सालानं," ती सावकाश म्हणाली. "मला म्हनले, बाई, दत्ता को सब मालूम था, तुमकू बोला नै क्या? तवर वाळवी लागली व्हती पुस्तकांला. दाखिवलं त्यांनी. नुसता भुगा. लय रडले बिचारे. त्यांचा काय गुन्हा व्हता?"

म्हणजे पंचवीस वर्षं तिला माहीत होतं. लग्नात, मौतीला, आबांच्या तेराव्याला मी गावात आलो, रस्त्यात भेटली, तिनं विचारलं, बरा हाईस का, पोरंबाळं बरी हायत का. मी बरं आहे म्हणालो. सगळं ठाऊक असून ती विचारत होती आणि मी सांगत होतो.

"मायला तहसिलात त्याचा काही फायदा न्हाई," मी सुदामला म्हणालो. "रजिस्टर तर राहिलं नाही. ते लिहिलं काय, न लिहिलं काय."

"ती फायद्याचं कुटं बोलायलीय, दत्त्या," सुदाम म्हणाला आणि त्यानं खिशाचा पेन काढून माझ्यापुढं धरला.

टाइप केलेल्या मजकुरानं पान भरलं होतं. मी फूटपट्टी मागितली. सुदामनं शाळेच्या पिशवीतून दिली. पानाच्या उजव्या बाजूला जो समास होता तिथं मी वरपासून खालपर्यंत उभी रेघ मारली. रकाना अरुंद झाला, मुन्शीजींसारखा रुंद नाही. वर लिहिलं, कैफियत. मग खाली, एका ओळीत तीन-तीन शब्दच मावत होते म्हणून अगदी हळू: गायरान, खुद काश्त. रजिस्टरं पूर्णेला मुन्शीजींच्या घरी आहेत हे मला माहीत होतं. बाईंनी विचारलं. मी सांगितलं नाही.

"वाच," धुरपतामाय म्हणाली.

मी वाचलं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "आता सही कर."